हिरकणीची रात्र नव्याने लिहिताना

रायगडाच्या पायथ्याची एक गवळण गडावर दूध घालायला जाते, सूर्यास्ताला दरवाजे बंद होतात, पहारेकरी तिला खाली सोडत नाहीत आणि घरी तान्हे बाळ आहे म्हणून ती पश्चिमेच्या कड्यावरून रात्रीच उतरते. ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. एसटीच्या निमआराम गाड्यांना तिचे नाव आहे, आणि बसस्थानकांत व सरकारी कचेऱ्यांत आईने बाळाला पाजण्यासाठी राखलेल्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. अशी सर्वांना ठाऊक असलेली दंतकथा बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी कादंबरीच्या रूपात नव्याने सांगायची असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे हे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे. पहिल्यांदाच लिहिणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून मी उदाहरण शेवटपर्यंत हिरकणीचेच घेतले आहे, कारण एकच कथा पूर्ण चालवून दाखवली तर पद्धत लवकर हाती येते. तुम्ही आपापल्या गावच्या, गडाच्या किंवा देवळाच्या दंतकथेला ती लावून पाहावी.

पहिली पायरी: कथेची रूपे गोळा करा

लिहायला बसण्यापूर्वी निदान पाच-सहा वडीलधाऱ्या माणसांकडून ती गोष्ट ऐकून घ्या आणि ती जशी सांगतील तशी, मध्ये न बोलता, न दुरुस्त करता उतरवून ठेवा. हिरकणीच्या बाबतीत कोणी सांगतात की घरी सासू होती, कोणी सांगतात की घरात बाळाशिवाय कोणीच नव्हते. बहुतेक जण ती रात्र कोजागरीची होती असे म्हणतात, तर काहींच्या सांगण्यात चंद्राचा उल्लेखच येत नाही. तिचे गाव कोणी वाळुसरे सांगतात. आज गडाच्या पायथ्याला हिरकणीवाडी आहे आणि रोपवेने गडावर जाणारी मंडळी तेथूनच जातात.

सांगणारा कोठे थांबतो आणि कोठे घाई करतो, याचीही नोंद ठेवावी. माझी आजी ही गोष्ट सांगताना गड, महाराज आणि बुरूज दोन वाक्यांत उरकत असे; बाळ रडून रडून निजते, पुन्हा उठते आणि पुन्हा रडते, हा भाग मात्र ती थांबून थांबून सांगे. तिच्या गोष्टीचा शेवट बुरुजापाशी होत नसे. हिरकणी उंबरा ओलांडून आत येते आणि बाळाला पदराखाली घेते, तेथे आजी गप्प होई. पुढे गडावर काय झाले हे आम्ही विचारले तरच ती सांगे. कादंबरीचा शेवट कोठे करावा, या प्रश्नाचे एक उत्तर मला त्या गप्प होण्यातच मिळाले होते, हे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले.

दुसरी पायरी: तीन वह्या

एका वहीत पक्का इतिहास, दुसरीत दंतकथा आणि तिसरीत तुमची कल्पना, असे तीन भाग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. हिरकणीची कथा तोंडोतोंडी आलेली आहे, म्हणून ती दुसऱ्या वहीत जाते. पहिल्या वहीत जाणाऱ्या गोष्टी अशा: रायरीचा डोंगर १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून स्वराज्यात आला. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. जगदीश्वराच्या देवळापाशी गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख आहे. पश्चिमेला हिरकणीचा बुरूज, उत्तरेला टकमक टोक, पूर्वेला भवानी टोक आणि दक्षिणेला श्रीगोंदे टोक आहे. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जून रोजी जिजाऊसाहेबांनी पाचाडला देह ठेवला.

दंतकथेला साल नसते, पण कादंबरीला ते लागते. समजा तुम्ही १६७४ ची कोजागरी निवडली. त्याच आश्विनात शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर रोजी, गडावर दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेक झाला होता. म्हणजे तुमची नायिका त्यानंतर दहा दिवसांनी दूध घेऊन वर निघाली आहे. पायथ्याच्या पाचाडात जिजाऊसाहेबांचा वाडा अजून चार महिन्यांपूर्वीच्या दुःखातून सावरलेला नाही. त्या वाड्यावर हिच्याच घरचा रतीब असेल, तर ज्या दारात रोज आवाज देऊन दूध ओतायचे ते दार आता कसे वाटत असेल? एक साल नक्की केल्याबरोबर असे दहा प्रश्न आपोआप उभे राहतात. मात्र अशा प्रश्नांची उत्तरे तिसऱ्या वहीतच लिहायची. रतिबाची ही गोष्ट माझी कल्पना आहे, इतिहास नव्हे, हे मलाही प्रत्येक वेळी स्वतःला बजावावे लागते.

तिसरी पायरी: कथेतला तपशील अक्षरशः खरा माना

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो. ओळखीच्या कथेवर नवा प्रकाश पाडायचा म्हटले की नवोदित लेखक आधी तिचा शेवट उलटा करतो, किंवा नायिकेला तलवार देतो, किंवा एखादा कट रचतो. त्याची गरज पडत नाही. दंतकथेने जो तपशील जाता जाता सांगितला आहे तो शंभर टक्के खरा आहे असे धरून त्याच्या मागे जावे. नवेपण तेथेच सापडते.

कोजागरीचा चंद्र घ्या. आपण सगळे मनातल्या मनात हिरकणीला टिपूर चांदण्यात उतरताना पाहत आलो आहोत. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, आणि तो पूर्वेला उगवतो. हिरकणीचा कडा पश्चिमेला आहे. म्हणजे संध्याकाळचे शेवटचे ऊन त्या कड्यावर पडते, ते गेल्यावर थोडा वेळ संधिप्रकाश राहतो, आणि त्यानंतर जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत, चंद्र डोक्यावरून पलीकडे कलेपर्यंत, तो कडा गडाच्या स्वतःच्याच सावलीत असतो. आकाश उजळलेले असते, त्यामुळे डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख नसतो. पण पायाखालचा कातळ चांदण्याने दिसत नाही.

एका कोजागरीला मी हे पाहण्यासाठी पश्चिमेच्या पायथ्याशी थांबलो होतो. नऊच्या सुमारास दूरची भातखाचरे दुधासारखी झाली होती आणि आमच्या डोक्यावरचा कडा मात्र काळा ठिक्कर होता. गडाच्या सावलीची कड खाचरांवरून हळूहळू मागे सरत पायथ्याकडे येत होती; एक बांध उजळे, मग दुसरा, मग आंब्याचे झाड. कड्याच्या अंगावर चांदणे यायला मध्यरात्र उलटली, आणि तेही आधी पुढे आलेल्या खडकांच्या कंगोऱ्यांवर. तेव्हा कळले की कड्यावर लटकलेल्या बाईला खाली आपले घर चांदण्यात दिसत असणार आणि आपला हात कोठे ठेवावा हे मात्र दिसत नसणार. माझ्या मनातली सगळी कादंबरी त्या एका दृश्याभोवती पुन्हा रचली गेली.

असाच दुसरा तपशील भांड्याचा. ती दूध घेऊन गेली, म्हणजे तिच्याजवळ चरवी होती, डोक्यावर चुंबळ होती. उतरताना चरवीचे काय केले? धातूचे भांडे गरीब घरात फेकून देण्यासारखे नसते. ते पाठीला बांधले तर कातळावर आपटून वाजेल आणि वरच्या पहाऱ्याला ऐकू जाईल. तेथेच ठेवले तर सकाळी कोणी तरी ओळखेल की येथून कोण गेले. चुंबळीचे फडके भांड्यात कोंबून, पदराने ते पोटाशी आवळून ती उतरली असे मी लिहून पाहिले, आणि भांड्याचा काठ प्रत्येक हालचालीला बरगडीत रुततो हे आपसूक आले. वर्णनासाठी विशेषणे शोधत बसण्याची वेळ आली नाही.

तिसरा तपशील ऋतूचा. आश्विन म्हणजे पाऊस नुकताच गेलेला. कड्याच्या भेगांतून अजून पाणी झिरपते, सावलीतल्या दगडावर शेवाळ असते, गवत कमरेएवढे वाढलेले आणि मुळाशी ओले असते, ओढले की मातीसकट हातात येते. चैत्रात गड पाहून आलेल्या लेखकाला हे कळणार नाही. म्हणून तुमची कथा ज्या महिन्यात घडते त्याच महिन्यात त्या जागी जाऊन या. कडे उतरून पाहण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये. पायथ्याशी बसून, वर पाहून आणि पायऱ्यांच्या वाटेने ओझे घेऊन चढून पुरेसे समजते. मी पाच लिटर पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन चढायला लागलो आणि शंभर पायऱ्यांच्या आतच मान हलवता येईना. तिची चाल आणि तिची नजर कशी असेल याची मला तेथे थोडीशी कल्पना आली.

चौथी पायरी: तुमच्या वाचकाच्या वयाचे माणूस शोधा

कुमारवयीन वाचकाला कथेच्या मध्यभागी आपल्या वयाचे कोणी तरी लागते. पुष्कळ लेखक त्यासाठी एखादा चुणचुणीत मुलगा बाहेरून आणून कथेत घुसवतात. आधी कथेतच नीट पाहावे. आपण हिरकणीला मोठी बाई समजतो, कारण चित्रांत ती तशी असते. परंतु सतराव्या शतकात मुलींची लग्ने फार लवकर होत, त्यामुळे पहिलटकरीण पंधरा-सोळा वर्षांची असणे मुळीच अवघड नाही. दहावीतली मुलगी हे पुस्तक हातात घेईल तेव्हा नायिका तिच्याच वयाची आहे, आणि तिला सहा महिन्यांचे मूल आहे. याहून मोठा धक्का तुम्ही रचून देऊ शकणार नाही. त्यावर भाष्य करू नका. तिला आई म्हणून कणखर दाखवा आणि त्याच वेळी माहेरची आठवण येणारी, काळोखाला घाबरणारी मुलगी म्हणूनही दाखवा. वाचक स्वतः हिशेब मांडतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिण्याचे धैर्य हवे. बाळ दिवसभर पाजले गेले नाही, तर आईची छाती दुधाने भरून येते, दुखते, चोळी भिजते. गडावर दुसऱ्याच्या बाळाचे रडणे कानी आले तरी पान्हा फुटू शकतो. कड्यावरून उतरणाऱ्या शरीरातली ही वेदना आणि ही घाई या कथेचे मूळ कारण आहे, आणि तीच बहुतेक लेखक संकोचाने गाळतात. बारा वर्षांच्या मुलामुलींना हे साध्या शब्दांत सांगता येते. मी दोन वाक्यांत सांगितले, आणि वाचताना कोणीही खाली मान घातली नाही.

दुसरे पात्र घरात ठेवावे असे मला वाटते. बारा वर्षांची नणंद बाळाला सांभाळते आहे. ती कापसाचा बोळा गाईच्या दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावते आहे, ते चाखून तो तोंड फिरवतो आहे, आणि वहिनी अजून का आली नाही हे सांगायला घरात मोठे कोणी नाही. कड्याचे एक प्रकरण आणि घराचे एक प्रकरण असे आलटून पालटून ठेवले तर वाचक दोन्हीकडे अडकून राहतो.

पहारेकऱ्याला खलनायक करू नका. सभासद बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे वेगवेगळे अधिकारी ठेवण्याची पद्धत सांगितली आहे. एकाच्या मर्जीने गड चालू नये हा त्यामागचा विचार. दरवाजा उघडणे साध्या शिपायाच्या हातात कोठून असणार? त्याला अठरा वर्षांचा, नुकता चाकरीला लागलेला, पायथ्याच्याच गावचा करून पाहा. तो हिला ओळखतो, हिच्या घरचे दूध प्यायलेला आहे, आणि तरीही दार उघडू शकत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाला एकच दरवाजा असू नये, चोरदिंड्याही असाव्यात, असे सांगितले आहे. अशी वाट त्या पोराला ठाऊक आहे आणि सांगायची मात्र बंदी आहे, एवढ्या दोन गोष्टींवर एक संपूर्ण प्रकरण उभे राहते.

पाचवी पायरी: रात्रीची मोजणी

कथा एका रात्रीची असल्याने रचना शोधायला दूर जावे लागत नाही. त्या काळी वेळ प्रहर आणि घटकांत मोजत; एक घटका चोवीस मिनिटांची, एक प्रहर तीन तासांचा, रात्रीचे प्रहर चार. कादंबरीचे चार भाग करावेत. पहिला दरवाज्यापाशी आणि तटावर जागा शोधण्यात, दुसरा सावलीतल्या कड्यावर, तिसरा चांदणे पोहोचल्यानंतरच्या उताराचा आणि रानाचा, चौथा घराचा. पूर्वायुष्य सांगायचेच असेल तर ती जेथे दम खायला थांबते तेथेच सांगावे आणि एका पानाच्या वर जाऊ देऊ नये. पस्तीस ते चाळीस हजार शब्दांत हे नीट बसते. पहिल्या कादंबरीला याहून लांबी नको.

सहावी पायरी: भाषा

निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि संवादांना महाडच्या बाजूच्या बोलीचा हलका स्पर्श द्यावा, तोही तेथील माणसाकडून तपासून घेऊन. सिनेमात ऐकलेली सरसकट गावरान बोली सगळ्या पात्रांच्या तोंडी घालणे हा त्या भागाचा अपमान आहे. कालविसंगत वस्तूंची यादी भिंतीवर लावून ठेवा: चहा नाही, आगपेटी नाही, मिनिट आणि सेकंद नाहीत. उपमाही तिच्याच जगातल्या हव्यात. गवळणीच्या मनात चंद्र पाहून भाकरी येईल, सायीची कवडी येईल, आरसपानी संगमरवर येणार नाही. आणि ती नणंदेशी, सासूशी, शिपायाशी एकाच सुरात बोलणार नाही. सासूला ती ‘आत्याबाई’ म्हणेल, शिपायाला गावच्या नात्याने ‘दादा’ म्हणेल, आणि तो ऐकत नाही असे दिसल्यावर त्याच दादाला ‘अरे’ म्हणेल. या एका बदलाने त्या प्रसंगाचा ताण अर्धा सांगून होतो.

सातवी पायरी: महाराज आणि बुरूज

कथेच्या शेवटी सकाळी महाराजांना ही हकीकत कळते, ते तिचा सन्मान करतात आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधून घेतात. महाराजांसारखी व्यक्ती कादंबरीत येते तेव्हा तिच्या तोंडी आपल्या मनाची मोठमोठी वाक्ये घालण्याचा मोह आवरावा. मी त्यांना एकाच प्रसंगात आणतो आणि फार थोडे बोलू देतो. त्यांना आपण सोळा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून पाहतो, आणि ती बहुतेक वेळ जमिनीकडे पाहत असते.

बुरुजाकडे मात्र पुन्हा नीट पाहावे. जेथून तान्ह्या बाळाची आई खाली जाऊ शकते तेथून शत्रू वर येऊ शकतो, म्हणून ती जागा बंद करणे हे राजाचे कर्तव्यच होते. तिचे नाव त्या बुरुजाला देणे हा तिचा गौरव होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिच्या नावाच्या बुरुजाने तिचीच वाट बंद झाली, आणि पुढच्या कोणा आईला अशी वेळ आली तर ती येथून जाऊ शकणार नाही, हे तिला कळले असेल का? कळले असेल तर तिने काय मागितले असेल? साडी-चोळी, की सूर्यास्तानंतर बायाबापड्यांसाठी काही सोय? हा प्रश्न वाचकापुढे ठेवताना राजाला उणे ठरवायचे नाही आणि तिला बंडखोर करायचे नाही. गवंडी दगड रचत आहेत, आणि ती दूध घालून परत जाताना थोडा वेळ उभी राहून ते पाहते, एवढे लिहिले तरी पोहोचते.

पुस्तकाच्या अखेरीस मनोगत अवश्य जोडावे आणि त्यात तिन्ही वह्यांचा हिशेब द्यावा: हा इतिहास, ही दंतकथा, हे माझे. कुमारवयात वाचलेले मनात पक्के बसते. लेखकाने कल्पिलेली नणंद पुढे कोणी इतिहास म्हणून सांगू लागले तर तो दोष आपला असतो.

आठवी पायरी: मोठ्याने वाचून दाखवा

खर्डा झाला की बारा ते सोळा वयाच्या चार-पाच मुलामुलींना तो रोज दोन प्रकरणे याप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवा. त्यांचे मत विचारू नका, कारण ती भिडेपोटी छान आहे असेच म्हणतात. ती खिडकीकडे पाहू लागतात त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा आणि ती पुढे सरकून बसतात त्या ओळीवर दुसरी खूण करा. माझ्या खर्ड्यात राज्याभिषेकाच्या थाटाची सहा पाने होती आणि त्या सहाही पानांवर पहिली खूण झाली. मी ती दीड पानावर आणली. दुसरी खूण सर्वांत दाट झाली ती चरवीच्या प्रसंगावर. वाचन संपल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘बाळाचं नाव काय होतं?’ दंतकथेत ते नाही, आणि मीही दिले नव्हते. त्या रात्री मी पहिल्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला बसलो, कारण कड्यावर काळोखात ती आई नुसते ‘बाळ’ असे म्हणणार नव्हती.